पुन्हा पडायला शिकताना

दहावीचा शेवटचा पेपर भूगोलाचा होता, १७ मार्च २०२५ ला. दुपारी घरी आले, जेवले आणि ताट उचलता उचलता आईला म्हणाले, "मला परत ज्युदोला जायचंय." आई ओटा पुसत होती. हात थांबवून म्हणाली, "आता? इतक्या वर्षांनी?" तिचा विरोध नव्हता. पण तोच प्रश्न मी वर्षभर स्वतःला विचारत होते, म्हणून तिच्या तोंडून ऐकताना पोटात गोळा आला.

मी तिसरीत असताना आमच्या शाळेत ज्युदोचा वर्ग सुरू झाला होता. शाळा सुटल्यावर तासभर, आठवड्यातून तीन दिवस. पाचवीत, डिसेंबर २०१९ मध्ये मला यलो बेल्ट, म्हणजे व्हाइटनंतरचा पहिला पट्टा मिळाला आणि तीनच महिन्यांत लॉकडाउन लागला. बाकी खूप काही मोबाइलवर शिकता आलं, पण ज्युदोत समोरच्याची कॉलर धरावी लागते, त्याला कमरेवर घ्यावं लागतं, अंगाखाली दाबून ठेवावं लागतं. अंतर ठेवून ते होत नाही. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा तो वर्ग काही भरला नाही. सर दुसऱ्या गावी गेले होते. सातवीत साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या उतारावर माझी सायकल घसरली, पडताना मी डावा हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. या मनगटाबद्दल पुढे बरंच येणार आहे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये मी आठवीत होते. मणिपूरच्या लिंथोई चनांबमने बोस्नियातल्या सारायेव्होला कॅडेट, म्हणजे १८ वर्षांखालील गटाच्या जागतिक स्पर्धेत ५७ किलो वजनगटात सुवर्णपदक जिंकलं. कुठल्याही वयोगटाच्या जागतिक ज्युदो स्पर्धेत भारताला मिळालेलं ते पहिलं पदक. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिच्या लढतींचे व्हिडिओ पाहताना माझी बोटं आपोआप कॉलर धरल्यासारखी वळायची. तरीही क्लास शोधायला मला आणखी अडीच वर्षं लागली. आधी नववी, मग दहावी ही कारणं सांगण्यापुरती होती. खरं कारण लाज. पंधराव्या वर्षी आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभं राहायचं, तेही एकदा शिकून सोडलेल्या गोष्टीसाठी. असं काहीतरी सोडलेलं आणि पुन्हा धरावंसं वाटणारं कुणी हे वाचत असेल, तर मला काय काय लागलं, किती दिवस गेले, किती पैसे गेले ते सगळं इथे लिहून ठेवते.

२४ मार्चपासून मी आणि आई साताऱ्यात क्लास बघत फिरलो. पहिल्या ठिकाणी खूप गर्दी होती आणि मॅटच्या तुकड्यांमध्ये बोटभर फटी होत्या. दुसऱ्या ठिकाणी शिकवणाऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आईला म्हणाले, "एवढ्या मोठ्या मुलीला आता पहिल्यापासून काय शिकवायचं? फिटनेससाठी पाठवा." मी जिना उतरेपर्यंत रडले नाही, खाली आल्यावर रडले. आई काही बोलली नाही. राजवाड्यावर नेऊन तिने मला उसाचा रस पाजला आणि म्हणाली, "अजून एक पत्ता आहे ना?"

तिसऱ्या ठिकाणी सरांनी आधी आम्हाला बसवून अख्खा तास बघायला लावला. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते: पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास बघा. मॅट भिंतीपर्यंत आहे का, सुरुवातीला पडण्याचा सराव घेतात का, मुलगा रडला तर शिकवणारे काय करतात, मुलींसाठी कुणी ताई आहेत का. इथे होत्या. ब्लॅक बेल्ट असलेल्या एक ताई सरांच्या बरोबरीने शिकवत होत्या. तास संपल्यावर सरांनी विचारलं, "आधी केलंयस?" मी यलो बेल्टचं सांगितलं. "सर्टिफिकेट?" ते सापडत नव्हतं. "असू दे," ते म्हणाले, "मॅटवर दिसेलच."

प्रवेशासाठी लागलेली कागदं: पालकांचं संमतीपत्र, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, जन्मदाखला आणि आधारची झेरॉक्स, दोन फोटो. प्रवेश फी ५०० रुपये, महिन्याची फी ७००. वेळ मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी सहा ते साडेसात.

आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, छाती तपासली, दमा किंवा फिट येण्याचा त्रास आहे का विचारलं. मग स्वतःहून डावं मनगट हातात घेऊन सगळ्या बाजूंनी वळवून बघितलं. हाड व्यवस्थित जुळलंय, पण उजव्याच्या मानाने पकड कमी आहे, म्हणाले. रोज ओला टॉवेल दोन्ही दिशांना पिळायचा, एवढाच व्यायाम दिला. सर्टिफिकेटचे २०० रुपये. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेला शिक्का आहे ना, हे तिथेच बघून घ्या. माझ्या पहिल्या कागदावर फक्त सही होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.

१ एप्रिलला, मंगळवारी, मी पहिल्यांदा मॅटवर गेले. रांग बेल्टप्रमाणे लागते. ब्राउन बेल्टवाले एका टोकाला, व्हाइट बेल्टवाले दुसऱ्या. मी सगळ्यात शेवटी होते आणि माझ्या शेजारी चौथीतला एक मुलगा होता, माझ्या खांद्याच्याही खाली. त्याने मान वर करून विचारलं, "तू ताई आहेस का नवीन मुलगी?" मी म्हटलं, नवीन मुलगी. त्यावर त्याने समाधानाने मान हलवली आणि नमस्कार कुठे आणि किती वेळा करायचा ते मला समजावून सांगितलं.

सगळ्यांचं झाल्यावर सरांनी मला उकिडवं बसून मागे पडून दाखवायला सांगितलं. उशिरो उकेमी. ज्युदोतली ही पहिली गोष्ट, पाठीवर सुरक्षित पडणं. पाचवीत मी हे धावत येऊनही करत असे. आता बसले, मागे झुकले आणि डावा हात आपोआप पाठीमागे टेकायला गेला. सर "तिथेच थांब" म्हणाले. पुन्हा केलं, पुन्हा हात मागे गेला. तिसऱ्यांदा हात आवरला, पण मान मागे गेली आणि डोकं मॅटवर आपटलं. फार लागलं नाही. सर माझ्यासमोर खाली बसले. "नावं तुला आठवतात, पकड आठवते. पण हात मागे टेकलास तर मनगट किंवा कोपर जाईल. आपण पहिल्यापासून करूया." मी हो म्हटलं. घरी येताना मात्र सारखं वाटत होतं, ती पाचवीतली मी गेली कुठे?

याचं उत्तर मला नंतर थोडं थोडं कळत गेलं. पाचवीत मी १३२ सेंटिमीटरची होते, आता १५८ आहे. वजन जवळजवळ दुप्पट. जमीन तेव्हापेक्षा लांब गेली आहे आणि आपण तिच्यावर जास्त जोरात आदळतो. जुन्या अंगाला जे येत होतं ते जुन्या अंगाचंच होतं. शिवाय मधल्या काळात मी एकदा खरोखर पडले होते आणि माझ्या हाताने त्यातून एक चुकीचा धडा घेतला होता: पडलीस की टेक. लहान मुलांना पडण्याची भीती कमी असते, म्हणून ती लवकर शिकतात. आम्हाला आधी भीती काढावी लागते, त्याला वेळ लागतो. हे मला कुणीतरी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी सांगतेय.

एप्रिलचे पाच आठवडे मी फक्त पडले. सुरुवातीला पाठीवर झोपूनच हात मॅटवर आपटायचे. तळहात खाली, हात अंगापासून थोडे बाजूला, खांद्याच्या रेषेत कधीच नाही. आपटताना श्वास सोडायचा. नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर, म्हणजे हनुवटी छातीकडे राहते. मग बसून, मग उकिडवं, मग उभ्याने. इच, नी, सान, शी, गो असे आकडे मुलं मोठ्याने म्हणायची आणि सगळ्यांचे हात एकदम वाजायचे. पहिले तीन दिवस माझी मान इतकी दुखली की सकाळी उशीवरून डोकं उचलताना हाताचा आधार घ्यावा लागत होता. ताईंनी सांगितलं, हनुवटी धरून ठेवायची सवय नसते, म्हणून होतं; आठवड्यात थांबेल. तसंच झालं. पण हाता-पायाला मुंग्या आल्या किंवा चक्कर आली, तर लगेच थांबून सांगायचं, हेही त्यांनी बजावलं होतं.

माझ्या मागे जाणाऱ्या हातावर ताईंनी उपाय काढला. एक छोटा नॅपकिन घडी करून हनुवटीखाली धरायचा, दोन्ही हात छातीवर फुली करून ठेवायचे आणि मगच मागे जायचं. नॅपकिन पडला तर मान गेली असं समजायचं. पाठ टेकल्यावरच हात उघडून आपटायचे. त्या एका नॅपकिनबरोबर मी किती वेळा पडले असेन, मोजलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी हात मागे गेला नाही. मुद्दाम थांबवला नव्हता, तो गेलाच नाही.

पुढे कोलांटीसारखी उकेमी आली. उजव्या बाजूने करंगळीच्या कडेपासून कोपर, खांदा, तिरकी पाठ, डावी कंबर असं चाकासारखं जायचं. उजवीकडून ती मला आठवड्यात आली. डावीकडून मी पुढे वाकायचे आणि तिथेच थिजायचे, कारण त्या बाजूला मनगट पहिलं जमिनीकडे जातं. महिना असा गेला. सर कधी ओरडले नाहीत, पण सूटही दिली नाही. प्रत्येक तासाला उजवीकडून दहा, डावीकडून दहा. डावीकडच्या दहा मी अर्धवट करायचे. शेवटी चौथीतला तो मुलगा हात-गुडघे टेकून घोडा झाला आणि मला त्याच्यावरून पलीकडे जायला सांगितलं. त्याच्या पाठीला लागू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं, मनगटाचा विचार करायला वेळच मिळाला नाही. पलीकडे गेले, हात आपटला, उभी राहिले. तो दिवस २४ मे, शनिवार. तो मुलगा उठून टाळ्या वाजवत होता. मी डोळे पुसायला पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर गेले.

त्याआधी १३ मेला निकाल लागला होता. मंगळवारच होता, म्हणून संध्याकाळी कंदी पेढे घेऊनच क्लासला गेले. मग अकरावीचं सुरू झालं. त्या वर्षी पहिल्यांदाच राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होते, त्यामुळे आमच्यासारख्या गावांनाही पसंतीक्रम, भाग एक, भाग दोन हे सगळं नवीन होतं. कागद शोधताना माळ्यावरच्या पिशवीत माझं जुनं यलो बेल्टचं सर्टिफिकेट सापडलं. कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, पण शिक्का आणि तारीख स्पष्ट होती. मी ते सरांकडे नेलं. त्यांनी नीट वाचलं आणि म्हणाले, "लावायचा असेल तर लाव यलो, माझी हरकत नाही. नाहीतर नोव्हेंबरात परीक्षा आहे, पुन्हा दे." मी दोन दिवस विचार केला. बेल्ट लावला असता तर रांगेत दहा मुलं पुढे गेले असते. शेवटी व्हाइटच ठेवला. तीन महिने मी जे पडले होते, ते त्या जुन्या कागदावर कुठेच नव्हतं, आणि मला त्याचा कागद हवा होता.

किटबद्दल, म्हणजे ज्युदोच्या जॅकेट-पँटबद्दल थोडं. पहिला महिना टी-शर्ट आणि ट्रॅक पँट चालली. मेमध्ये साध्या विणीचं किट घेतलं, १,६५० रुपये, व्हाइट बेल्ट त्यातच येतो. जाड विणीचं घेण्याची घाई करू नका, त्याची किंमत दुप्पट-तिप्पट असते आणि ते वाळायला फार वेळ लागतो. सुती जॅकेट धुतल्यावर आटतं, म्हणून माझ्या १५८ उंचीला १७० चा साइज घेतला. पहिल्या तीन धुण्यांत तो बरोबर बसला. गरम पाणी आणि ब्लीच नको. जुलैत साताऱ्याच्या पावसात किट दोन-दोन दिवस ओलं राहायचं, तेव्हा बाबांनी पंख्याखाली दांडी बांधून दिली.

मुलींनी जॅकेटच्या आत पांढरा टी-शर्ट घालायचा असतो. आणि पांढरी पँट म्हटल्यावर प्रत्येक मुलीच्या मनात जो प्रश्न येतो, तो माझ्याही मनात होता. पहिल्या दोन महिन्यांत मी पाळीच्या दिवसांत क्लास बुडवला. जूनमध्ये ताईंनी बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, आत गुडघ्यापर्यंतची काळी सायकलिंग शॉर्ट घालायची, दुखत असेल तर बाजूला बसून बघायचं, पण घरी राहायचं नाही, आणि मला नुसती खूण केलीस तरी चालेल. हे आधीच विचारायला हवं होतं. नखं कापलेली, कानातलं-नाकातलं घरी, केसांना धातूची क्लिप नाही, मॅटच्या बाहेर पाऊल टाकताना चप्पल, हे नियम पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा.

कॉलेजच्या गडबडीत आणि मग खोकल्यात माझे तीन आठवडे बुडाले. परत गेले तेव्हा पुन्हा तोच संकोच. सरांनी काही विचारलं नाही, फक्त "उकेमी" म्हणाले. खंड पडला तर परत जाताना कारणांची यादी तयार करू नका, वेळेवर जाऊन रांगेत उभ्या राहा.

ऑगस्टमध्ये रांदोरी, म्हणजे समोरासमोरचा मोकळा सराव सुरू झाला. माझ्या वयाच्या मुली दोनच, एक ग्रीन बेल्ट, एक ब्राउन, आणि त्या बऱ्याचदा स्पर्धांच्या तयारीत असायच्या. मुलांबरोबर सराव करायला चालेल का, हे सरांनी मला आणि आईला वेगवेगळं विचारलं. त्यांनी तसं विचारल्यामुळेच माझा धीर वाढला. मी वजनाने जवळच्या एका मुलाबरोबर उभ्याचा सराव करायला लागले, जमिनीवरचा मात्र ताई आणि मुलींबरोबरच. कुठेही नको वाटलं की समोरच्याला किंवा मॅटला दोनदा थोपटायचं, समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. याला कुणी कारण विचारत नाही. पहिल्या रांदोरीत मी दोन्ही हात ताठ करून समोरच्याला लांब ढकलत राहिले. ताई म्हणाल्या, "पडायची भीती गेली, आता कुणी जवळ येण्याची घालवू." हात सैल व्हायला अख्खा महिना गेला.

याच महिन्यात कागदांचं दुसरं प्रकरण उभं राहिलं. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत १७ वर्षांखालील गटात माझं नाव देऊ म्हटलं. जन्मदाखला, दहावीचं गुणपत्रक, आधार, बोनाफाईड, फोटो, प्राचार्यांची सही-शिक्का असलेला खेळाडूचा फॉर्म. सगळं जुळवलं आणि लक्षात आलं, जन्मदाखल्यावर आणि गुणपत्रकावर माझ्या नावात इंग्रजीत 'व्ही' आहे आणि आधारवर 'डब्ल्यू'. एका अक्षरासाठी नाव परत आलं. आधार केंद्रावर मी आणि बाबा दोनदा गेलो. पहिल्यांदा टोकन संपले होते. दुसऱ्यांदा सकाळी आठला जाऊन साडेअकराला नंबर लागला. वयाची पंधरा वर्षं झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं अपडेट करावंच लागतं, ते पंधरा ते सतरा या वयात मोफत असतं. ते राहिलंच होतं, तेही त्याच फेरीत झालं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून पावती देण्याआधी पडद्यावर स्पेलिंग दाखवतात तेव्हा एकेक अक्षर बोटाने वाचा. बदललेलं आधार बारा दिवसांनी डाउनलोड झालं. खेळात नाव द्यायचं मनात असेल तर ही तीन कागदं आजच शेजारी ठेवून बघा, स्पर्धेच्या आठवड्यात नको.

२७ ऑगस्टला गणपती बसले आणि आमचा हॉल मंडळाकडे गेला. अनंत चतुर्दशीपर्यंत क्लास बंद. त्या दिवसांत मी घरी गादीवर उकेमी आणि जिन्याच्या कठड्याला जुना बेल्ट बांधून खेचण्याचा सराव केला.

स्पर्धा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. मी ५२ किलोखालील गटात, वजन भरलं ५१.६. बाजूच्या दोन मुली आदल्या दुपारपासून उपाशी होत्या. आमच्या सरांनी वजनासाठी उपाशी राहायला सक्त मनाई केली होती. बसत नसेल तर वरच्या गटात खेळ, म्हणायचे. वजन सकाळी आठला झालं आणि माझा नंबर दुपारी अडीचनंतर लागला. केळी, चिक्की, पाणी आणि अंगावर घ्यायला जाड शर्ट बरोबर ठेवा, कारण बसून बसून अंग गार पडतं.

"हाजिमे", म्हणजे सुरू करा, ऐकू आलं आणि माझे हात परत ताठ झाले. समोरची मुलगी शांत होती. तिने मला मागे ढकलल्यासारखं केलं, मी प्रतिकार केला आणि तिचा पाय माझ्या पायामागे आला. ओसोतो गारी, पाय मागून काढून पाडण्याचा डाव. मी डाव्या बाजूवर पडले. वाझा-आरी, म्हणजे अर्धा गुण. ती लगेच माझ्या छातीवर तिरकी बसली, मान आणि हात धरून. कंबर उचलून कितीही पूल केला तरी सुटले नाही. दहा सेकंद झाली, दुसरी वाझा-आरी, दोन मिळून इप्पॉन, म्हणजे पूर्ण गुण आणि लढत संपली. चार मिनिटांच्या लढतीतला पहिला दीड मिनिटही झाला नव्हता. नमस्कार करून बाहेर आले. हरल्याचं वाईट वाटत होतंच, छाती भरून आली होती. ताईंनी पाण्याची बाटली दिली आणि माझा डावा हात धरून विचारलं, "हे लागलं का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी डावीकडे पूर्ण जोरात पडले होते आणि मनगटाला काहीही झालं नव्हतं. हात स्वतःच मॅटवर आपटला होता.

दिवाळीत आम्ही कराडजवळ आजोळी गेलो. आजोबांनी तरुणपणी यात्रेतल्या कुस्त्या खूप पाहिल्यात. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर तिथून जवळच. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ जिंकलं, ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अंगणात गोधडी अंथरून मी मामेभावाला हळूच कमरेवर घेऊन दाखवलं. आजोबा खुर्चीतून पुढे सरकले. "मानेत हात घाल की. ढाक होईल." खाशाबांची ढाक प्रसिद्ध होती, हे मला त्यांच्याकडून कळलं. मान धरून कमरेवरून फेकायची. ज्युदोत तिच्या जवळचा डाव आहे, कोशी गुरुमा. परत आल्यावर सरांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले आणि त्या दिवशी सगळ्यांना ती शिकवली.

यलो बेल्टची परीक्षा ३० नोव्हेंबरला, रविवारी होती. फी ६०० रुपये, त्यात बेल्ट आणि सर्टिफिकेट. फॉर्मवर नाव मी तीनदा तपासलं. आधी चारही उकेमी, दोन्ही बाजूंनी. मग दे-आशी-बाराई, ओ-गोशी, ओसोतो गारी हे पाडण्याचे डाव आणि केसा गातामे ही जमिनीवरची पकड. तोंडी प्रश्न: ज्युदो कुणी आणि कधी सुरू केलं? जिगोरो कानो, १८८२, त्यांची शाळा कोदोकान. ऑलिंपिकमध्ये कधी आलं? १९६४, तोक्यो; स्त्रियांसाठी पदकाचा खेळ म्हणून १९९२, बार्सिलोना. परीक्षकांनी मला डावीकडची कोलांटी पुन्हा करायला सांगितली. का ते सांगितलं नाही. मी केली. माझ्यानंतर चौथीतल्या माझ्या जोडीदाराचा नंबर होता, आता तो पाचवीत आहे. त्याच्या ओ-गोशीसाठी पडायला मीच उभी राहिले. त्याने सगळा जोर लावून मला कमरेवर घेतलं आणि मीही त्याला मदत न करता, खरंखुरं पडले.

एप्रिल ते डिसेंबर माझा सगळा खर्च साधारण साडेनऊ हजार रुपये झाला, टेप आणि डॉक्टर धरून. सर्टिफिकेट यायला दीड महिना लागतो, तोवर नवीन बेल्ट बांधायचा नाही असा आमच्या क्लासचा नियम आहे.

१५ जानेवारी २०२६ ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारचा तास होता. खाशाबा जाधवांच्या जन्माला त्या दिवशी शंभर वर्षं झाली. सरांनी मॅटच्या कडेला त्यांचा फोटो ठेवला, मुलांना तिळगूळ वाटला आणि आमची सर्टिफिकेटं दिली. मी पहिल्यांदा नावच वाचलं. 'व्ही' होता. व्हाइट बेल्ट सोडून घडी केला, पिशवीत ठेवला. यलोची गाठ घालताना कापड नवीन असल्यामुळे ती सारखी सैल पडत होती. चौथीतल्या, म्हणजे पाचवीतल्या त्या जोडीदारानेच ती ओढून घट्ट करून दिली. मग सर "उकेमी" म्हणाले आणि आम्ही सगळे पाठीवर पडलो.